बदामची पंजी

५ जानेवारी, रविवार

"तसंच."

पाणी हवं का? — तसंच. पाय दुखतोय का? — तसंच. टीव्ही बंद करू? — तसंच!

आज चिडलेच. "अरे, हो म्हण नाहीतर नाही म्हण!" प्रतापनं माझ्याकडे बघितलं. डोळे अगदी पूर्वीचे. आणि म्हणाला, "तसंच."

ऑगस्टमध्ये स्ट्रोक आला तेव्हा त्याचा उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि शब्द सगळेच गेले. हा एवढा एक उरला. का हाच, कुणास ठाऊक. माझं नाव उरलं असतं तर? जाऊ दे.

डॉक्टर म्हणाले, आपण बोलतो त्यातलं त्याला फार थोडं पोचत असावं. अपेक्षा ठेवू नका. नाही ठेवत! मग चिडते कशाला?

शाळा आजपासून सुरू, इथे आखातात आठवडा रविवारीच लागतो. घुब्र्याला शाळेच्या लायब्ररीत दिवसभर पोरांचा गोंगाट आणि सीबला घरी आलं की हे. मी येईपर्यंत रामकृष्ण त्याच्याजवळ असतो. साठीला आलेला, माणूस चांगला, पण मी दारात दिसले की त्याची पिशवी खांद्याला. "साब खाया, साब सोया, खलास मॅडम." दार लागतं. मग मी आणि तो एक शब्द.

७ जानेवारी, मंगळवार

माहनूर येऊन गेली. स्पीच थेरपिस्ट. लाहोरची, आमच्या लेकीपेक्षा, वल्लरीपेक्षा, दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. हिंदी-उर्दूत शिकवते, कारण मराठीत शिकवणारं इथे कुणी नाही. प्रताप तिच्याकडे बघतो, दमतो, मान वळवतो. जाताना म्हणाली, "आंटी, बाएँ हाथ को कुछ काम दो. टैब पे कोई गेम, कुछ भी."

टॅब कपाटात मिळाला, चार्ज संपलेला. त्यावर त्याचा तो पत्त्यांचा खेळ अजून आहे. व्हिडिओ पोकर. पाच पानं येतात. हवी ती ठेवायची, बाकीची टाकायची, त्यांच्या जागी नवी येतात. एकदाच. मग जोडी, फ्लश, जे जमेल त्याचे पॉइंट. पैसे नाहीत यात. ते असते तर इथे हरामही आणि गुन्हाही! पूर्वी रोज जेवणानंतर याची टुकटुक चालायची आणि माझं डोकं उठायचं. "मिळतं काय तुला यातून?" तर म्हणायचा, "बरोबर काय ते शोधायचं, नयना. बास." दिवसभर पाण्याच्या प्लांटवर प्लॅनिंगचे आकडे, घरी आल्यावर हे.

पुढ्यात ठेवला. डावा अंगठा नुसता काचेवर टेकवून बसला होता. मग एक पान दाबलं. त्यावर 'होल्ड' उमटलं.

मी भाजी फोडणीला टाकायला गेले.

८ जानेवारी

टुकटुक. घरात काहीतरी आवाज आहे म्हणायचा.

११ जानेवारी, शनिवार

सुट्टी. शेजारी बसून नीट बघितलं आज. मला पत्त्यांतलं रमी आणि बदाम-सात एवढंच येतं, तरी सांगते — वेड्यासारखा खेळतो.

एक तर हट्टी. त्या खेळात एकासारखी एक बरीच मशीन्स आहेत. मी सगळ्यात वरचं उघडून देते, छान सोनेरी चित्राचं. तो ते बंद करतो आणि सरकवत सरकवत खालचं एक साधं हिरवं उघडतो. दर वेळी तेच! पॉइंट लावताना दर वेळी पाच. "अरे, एकेक लाव, पुरवून खेळ." नाही. पाचच.

आणि पानं कशी टाकतो! दोन तिर्र्या आल्या, एक एक्का, बाकी फुटकळ. म्हटलं, तिर्र्या ठेव आणि एक्का पण ठेव, मोठा आहे. त्यानं तिर्र्या ठेवल्या आणि एक्का टाकून दिला. एक्का! शेंबड्या पोराला कळतं.

बाल्कनीत जाऊन उभी राहिले. खाली सूककडून, बाजाराकडून, मासळीच्या पिशव्या घेऊन बायका येत होत्या, मोठमोठ्यानं बोलत. म्हटलं, गेला. डोक्यानंही गेला हा.

१४ जानेवारी

संक्रांत. मंडळाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं होतं. गेले नाही. सगळ्या विचारतात, "कसे आहेत आता?" आणि मी उत्तर देईपर्यंत त्यांची नजर दुसरीकडे.

तिळगूळ केला थोडा. कडक वडी त्याला गिळता येत नाही म्हणून कुटला, दुधात कालवला, चमच्यानं भरवला. "तिळगूळ घे, गोड —"

पुढचं माझ्या तोंडातच राहिलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज ठरलं बहुतेक.

जेवणाआधी व्हिडिओ कॉल झाला. बंगलोरहून वल्लरी, पुण्याहून सलीलभावजी. प्रतापचे धाकटे भाऊ. त्यांनी एक केंद्र शोधलंय सासवडच्या अलीकडे. स्ट्रोक झालेल्यांना तिथे ठेवून घेतात, व्यायाम करून घेतात, बोलायला शिकवतात. "वहिनी, तुम्ही एकट्या किती दिवस ओढणार? नोकरी बघणार की दादाला?"

मी म्हटलं, माझी नोकरी आहे म्हणून तर इथला व्हिसा आहे. त्याच्या कंपनीनं त्याची नोकरी मार्चअखेर खलास म्हणून कळवलंय.

वल्लरी म्हणाली, "बाबा काय करतायत? दाखव ना." मी फोन टॅबवर धरला. नेमका तेव्हाच तो डाव यायचा होता!

बदामचा एक्का. बदामचा राजा. राणी. गुलाम. आणि बदामची पंजी. पाचही बदाम — खाली मोठ्या अक्षरात 'फ्लश' लागलंसुद्धा. काही करायचंच नव्हतं. सगळी ठेवायची आणि तीस पॉइंट घ्यायचे.

"बाबा, फ्लश! होल्ड ऑल! बाबा, होल्ड ऑल!" वल्लरी ओरडत होती. शाळेत होती तेव्हा त्याच्या मांडीवर बसून ओरडायची तशी.

त्यानं चार पानं ठेवली. पंजी टाकली.

आली किलवरची छक्की. फ्लश गेला. शून्य.

वल्लरीचा चेहरा बघवेना. तिला मराठी शब्द सापडत नव्हते. "आई, बाबांना... ही डझन्ट नो, ना? त्यांना माहीत नाहीये ते काय करतात." मग सलीलभावजी हळूच म्हणाले, "वहिनी, विचारून ठेवतो केंद्रात. जागा होतेय म्हणतात लवकरच."

मी बरं म्हटलं.

तो शेजारीच होता. पुढची पानं बघत होता.

१८ जानेवारी, शनिवार

काल रडू आलं नाही. आज सकाळी कणीक मळता मळता एकदम मनात आलं — पंजीच का?

ज्याला काही कळत नाही तो कुठलंही पान टाकेल. राणी टाकेल, एक्का टाकेल, सगळी टाकेल. यानं चारही चित्रांच्या पानांना... म्हणजे एक्का धरून... चार मोठ्या पानांना हात लावला नाही आणि नेमकी लहान तेवढी काढली. का?

हात जेमतेम पुसले आणि फोनवर शोधलं. हा खेळ कसा खेळावा, कुठलं मशीन घ्यावं, यावर माणसांनी केवढं लिहून ठेवलंय! सगळं इंग्रजी. एक पान तीनदा वाचलं तेव्हा कुठे शिरलं.

त्यात एक क्रम दिलाय. काय हातात असलं तर काय ठेवायचं, वरपासून खालपर्यंत. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय: एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी यांतली चार एका रंगाची असतील तर लागलेला फ्लशसुद्धा मोडायचा! पाचवं आलं तर रॉयल, ते चार हजार. बहुतेक वेळा येत नाही. पण तोच डाव पुन्हा पुन्हा आला तर मोडणाऱ्याला सरासरीनं न मोडणाऱ्याच्या तिप्पट मिळतात.

म्हणजे त्यानं बरोबर केलं होतं. पान वाईट आलं, एवढंच. खेळ बरोबर होता.

पुढे वाचलं. लहान जोडी आली तर नुसती जोडी ठेवायची, एक्का बरोबर ठेवू नये. ठेवला की तिसरं जुळायची संधी कमी होते. तिर्र्या! पाच का लावायचे? रॉयलचे पुरे पॉइंट पाच लावले तरच मिळतात, एक लावला तर फारच कमी. आणि मशीन. सगळी दिसायला सारखी, पण पॉइंटचा तक्ता वेगळा. एका पॉइंटमागे फुल हाउसला, म्हणजे तीन सारखी नि दोन सारखी आली तर, नऊ आणि फ्लशला सहा देणारं घ्यावं — नीट खेळलं तर शंभरातले साडेनव्व्याण्णव परत येतात. आठ-पाचवालं घेतलं तर सत्त्याण्णवच.

टॅब उघडला. सोनेरी चित्राचं: आठ, पाच.

त्याचं हिरवं: नऊ, सहा.

तो खिडकीपाशी खुर्चीत उन्हात बसला होता. मी जमिनीवर बसले, त्याच्या पायाशी, पिठाच्या हातांनी. "प्रताप, तुला कळतंय का रे?"

"तसंच," तो म्हणाला.

१९ जानेवारी

खेळात चुका दाखवायची सोय सापडली. चुकीचं पान धरलं की लाल पट्टी येते. शाळेतून आल्यावर आधी मी खेळले. लाल, लाल, लाल! मग त्याला दिला. बसून बघत राहिले. चहा निवला. लाल एकदा आलं, आणि ते सुद्धा अंगठा घसरला म्हणून — मी बघितलं ना!

वल्लरीला लिहिलं. तिचं उत्तर: "दॅट्स ग्रेट, आई." मग एक लाल बदाम. तिला वाटतंय मी कशाला तरी धरून बसलेय.

२१ जानेवारी, मंगळवार

माहनूरची वाट बघत होते. दारातच सगळं सांगितलं, फोनवरचं पानही दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "आंटी, बुरा मत मानना. पत्ते समझना और बात समझना, दो अलग चीज़ें हैं." आणि कदाचित हे हाताला पडलेलं वळण असेल म्हणे. वर्षानुवर्षं खेळलाय, बोट आपोआप जातं, तेच मशीन, तीच पानं. माणूस सायकल विसरत नाही तसं.

ती खोटं बोलत नाही, हे मला तिच्यातलं आवडतं. आज नाही आवडलं.

ती गेल्यावर भांडी घासत बसले. घासलेलीच परत घासली.

२५ जानेवारी, शनिवार

नवीन आवृत्ती आलीय खेळाची! रात्रीत आपोआप बदलला. मशीन्सची जागा बदलली, चित्रं बदलली, हिरवं कुठे दिसेचना. प्रताप बघत राहिला. मला वाटलं आता टॅब ढकलून देणार.

त्यानं पहिलं उघडलं. पॉइंटच्या तक्त्यावर अंगठा नेला, त्या ओळींवर थांबवला. बंद केलं. दुसरं. परत तक्ता. बंद. मी श्वास सुद्धा घेत नव्हते. जांभळं एक होतं, माशाचं चित्र असलेलं एक होतं... सगळी बघितली. शेवटून दुसरं उघडलं, अंगठा थांबला — आणि खेळायला लागला.

मी वाकून बघितलं. नऊ. सहा.

ही सवय नाही! सवय कशी असेल? वाचलं त्यानं. तोललं. निवडलं.

माहनूरला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. काय बोलले ते आता आठवत नाही. हिंदी की मराठी तेही नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

माहनूर पुठ्ठ्याच्या दोन पाट्या घेऊन आली. एकीवर बरोबरची खूण, दुसरीवर फुली. बोलायचं नाही, नुसती पाटी दाखवायची. आधी तिनं हिंदीत विचारलं. थोडी उत्तरं चुकली, थोडी बरोबर. मग म्हणाली, "आंटी, अब आप पूछो. अपनी ज़बान में. धीरे-धीरे."

खुर्ची जवळ ओढली. काय विचारायचं सुचेना.

"तुझं नाव सलील?" फुली.

"आपण सीबला राहतो?" बरोबर.

"दगड पाण्यावर तरंगतो?" फुली.

"मी शाळेत लायब्ररी बघते?" बरोबर.

"वल्लरी तुझी बहीण?"

फुली. आणि हसला! अर्ध्या तोंडानं, पण हसला. इतका बावळट प्रश्न कोण विचारतं, अशा चेहऱ्यानं.

माहनूरनं पाट्यांची जागा बदलून बघितली. तरी बरोबर. मग ती म्हणाली, "अंकल सब सुन रहे थे." डॉक्टरांना ती स्वतः लिहिणार आहे. आत शब्द पोचतात, बाहेर येत नाहीत. 'तसंच' हे फक्त तोंडाला सापडणारं एक दार आहे, बाकीची बंद.

आज गोड करायला हवं होतं. शिरा केला. जळला.

२९ जानेवारी

सब सुन रहे थे.

सगळं ऐकलंय त्यानं. ताईला फोनवर म्हटलं होतं, "घरात माणूस आहे गं, पण कुणी नाही." त्याच खोलीत बसून. त्याच्या कंपनीतले आले तेव्हा, "याला काही कळत नाही, तुम्ही बोला मोकळेपणी." दिवाळीत एकदा ताईलाच, रडत — तेव्हाच गेला असता तर त्याचेही हाल वाचले असते. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून होता. मला वाटलं झोपलाय. झोपला असता तरी काय.

आणि परवा सलीलभावजींना केंद्रासाठी 'बरं' म्हटलं, तेही.

संध्याकाळी पाट्या घेऊन बसले. "रागावलायस?" फुली. लगेच. मी उठायला लागले तर त्यानं पाटी पुन्हा ओढली. दुसरी. बरोबर.

दोन्ही. बरोबर आहे. मीही दोन्ही म्हटलं असतं.

४ फेब्रुवारी

त्याला मी शाळेतल्या मुलांसारखं प्रश्न विचारून भंडावते. भाजी आवडली? झोप लागली? शेजारच्या हमीदची गाडी नवी का? तो दमतो, पाट्या ढकलून देतो.

एक लक्षात आलंय. मी विचारलं तरच तो बोलतो. त्याला मला काय विचारायचंय, ते कसं कळणार? असेल ना काहीतरी? तिसरी पाटी नाही त्याला.

९ फेब्रुवारी

आता दोघं खेळतो. पानं मी धरते, तो बघतो. मी जोडीबरोबर राजा धरला की डाव्या हातानं टेबलावर थाप! पूर्वी माझ्या गाडी चालवण्यावर असाच चिडायचा. चार लागोपाठची पानं सोडून लहान जोडी ठेवायची, हे मला पटतच नव्हतं. आज पटलं. त्यानं थाप मारायच्या आत मी ठेवली. त्यानं माझ्याकडे बघितलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली. त्याच्याकडून कधी काही शिकून घ्यावंसं वाटलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सलीलभावजींचा फोन. केंद्रात जागा रिकामी झाली, कळवा. मी तयारच होते. म्हटलं, "भावजी, तो कळता माणूस आहे. कळत्या माणसाला मी कुठेही नेऊन ठेवणार नाही. त्याचं घर इथे आहे, मी आहे."

"वहिनी, ठेवायचं म्हणजे तसं नाही हो ते. व्हिडिओ पाठवतो, बघा तरी."

पाठवला. एका मोठ्या खोलीत गोल करून खुर्च्या, त्यात सातआठ माणसं. कुणाची मान कललेली, कुणाचा हात झोळीत. एक बाई टाळ्या वाजवत ठेक्यात म्हणून घेतेय, "मा-झं ना-व..." आणि एक म्हातारा घाम येईस्तोवर जोर लावून म्हणतोय, "ना-व... ना-व..." बाकीचे हसतायत, त्याला नाही, त्याच्याबरोबर. बघवेना मला.

प्रतापनं माझ्या हातातून फोन घेतला. बघितला. संपल्यावर अंगठ्यानं परत लावला. परत बघितला. मी म्हटलं, "बघ ना, किती वाईट वाटतं. असल्या ठिकाणी पाठवणार होते तुला." आणि फोन काढून घेतला. जेवण गार होत होतं.

२२ फेब्रुवारी

व्हिसाचे कागद फिरतायत. शाळेनं पत्र दिलं. त्याचा व्हिसा माझ्यावर घ्यायचा. ऑफिसातला माणूस म्हणाला, इन्शाल्ला, होऊन जाईल. रामकृष्णला विचारलं, पुढचं वर्षभर येशील? येईन म्हणाला.

सगळं जमतंय. बऱ्याच दिवसांनी कपाट आवरलं. त्याचे ऑफिसचे शर्ट वेगळे काढले, बटणं काढून, चिकटपट्ट्या लावून घरात घालण्यासारखे करीन.

१ मार्च, शनिवार

रमजान लागला. शाळा लवकर सुटेल आता, दुपारी घरी. हमीदच्या बायकोनं भांडंभर हरीस पाठवला, गव्हाच्या खिमटीसारखा, मऊ, अगदी प्रतापला चालेल असा. दोन वाट्या खाल्ल्या त्यानं!

संध्याकाळी वल्लरीचा फोन. तिला सगळं सांगितलं: व्हिसा, रामकृष्ण, केंद्राला नकार कळवला ते. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आई, बाबांना विचारलं?"

"काय?"

"त्यांना काय हवंय. यू सेड ही अंडरस्टँड्स एव्हरीथिंग. मग विचारलं का तू?"

मला राग आला. विचारायचं काय त्यात? कुठल्या माणसाला स्वतःच्या घरातून जावंसं वाटेल? पोरगी बंगलोरला बसून मला शिकवते! म्हटलं, "विचारीन." ती म्हणाली, "प्रॉमिस?" लहानपणी मी तिला म्हणायचे तसं.

४ मार्च

उद्या विचारते. आज तो दमलाय.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी विचारलं.

"पुण्याजवळच्या त्या केंद्रात जायचंय?" बरोबर.

पाट्यांची जागा बदलली. परत विचारलं. बरोबर.

"माझ्यासाठी? मला त्रास नको म्हणून?" फुली. क्षणाचाही विचार न करता.

"तुला स्वतःला जायचंय? तिथे बोलायला शिकायचंय?" बरोबरच्या पाटीवर अंगठा इतका दाबला की पुठ्ठा वाकला.

सलीलभावजींना फोन केला. जागा धरा म्हटलं. त्यांनी विचारलं, वहिनी, तुम्ही पण येणार ना इथे, की तिथेच? म्हटलं, बघते.

मी बरोबर येऊ का, हे त्याला विचारलं नाही. तो खरं सांगेल.